उघडमामा आणि तीन अक्षरांचं झाकण

उघडमामा हे काही त्यांच्या जन्मदाखल्यावरचं नाव नव्हे. हे नाव त्यांना इमारतीने दिलं, आणि तेही एका हट्टी बरणीवरून. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई ती बरणी घेऊन घरोघर हिंडल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामवीराने दंड फुगवून पाहिले, त्याच्या शेजारच्या मास्तरांनी झाकणाखाली चमचा घालून चमचा वाकवला, आणि मग शास्त्र सांगून बरणी परत केली. शेवटी ती मामांकडे आली. मामांनी ती हातात घेतली, पण तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिंपीणबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, उकाड्याबद्दल चार शब्द बोलले, आणि बोलता बोलता, बरणी जरा गाफील झाली असं वाटताच, मनगटाला एक झटका दिला. टप्!

"बरणीला कळू द्यायचं नाही," मामा म्हणाले. "कळलं की ती आवळून धरते."

तेव्हापासून इमारतीत जे जे म्हणून अडकेल, रुतेल, गंजेल किंवा रुसेल ते मामांकडे येऊ लागलं. बॅगांच्या चेनी, न उघडणाऱ्या छत्र्या, फुगलेल्या खिडक्या, एकदा तर खुद्द मास्तर, जे स्वतःच्याच न्हाणीघरात अडकून आतून शास्त्र सांगत होते. मामांनी सगळं उघडलं. मात्र उघडलेलं बंद करणं हे खातं मामांकडे नव्हतं. ते घरातून फिरले की मागे कपाटं उघडी, खण उघडे, टूथपेस्ट उघडी, आणि त्या वाटेने मागोमाग मामी सगळं बंद करत येत. संसार इतक्या वर्षांत या कामवाटपावर व्यवस्थित चालला होता.

मामा पाणीपुरवठा कचेरीत भांडारपाल होते. नळ, वॉशर, व्हॉल्व्ह आणि पाइपांचे तुकडे यांच्यामध्ये एका लाकडी टेबलामागे ते बसत. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा मामांच्या टेबलावरही एक आला. मामांनी पहिले कित्येक दिवस त्याच्यावर पावत्या वाळत घातल्या. तो गरम असे ना!

मग एक दिवस साहेबांच्या खोलीत गडबड झाली. कुठला तरी व्हॉल्व्ह फुटला होता, त्याचा फोटो कुणीतरी पाठवला होता, आणि तो फोटो उघडत नव्हता. फाइलच्या नावापुढे टिंब होतं आणि टिंबापुढे जेएफआयएफ अशी अक्षरं होती. साहेबांनी असली अक्षरं बापजन्मात पाहिली नव्हती. साहेबांमागे इंजिनिअर, इंजिनिअरमागे हेडक्लार्क, हेडक्लार्कमागे चहावाला अशी रांग पडद्याकडे डोळे बारीक करून उभी होती. मामा वॉशरची पावती सही करून घ्यायला आले होते. त्यांनी एक नजर टाकली.

"बाकीच्या फोटोंचं शेपूट काय असतं?"

"जेपीजी," इंजिनिअर म्हणाला.

"मग ह्याचंही तेच करा की."

मामांनी स्वतःच ते केलं. कॉम्प्युटरने विचारलं की असं नाव बदललं तर फाइल निकामी होऊ शकते, तुमची खात्री आहे का? मामींनीही मामांना जन्मभर असंच विचारलेलं असल्यामुळे मामांनी सवयीने 'हो' म्हटलं. फोटो उघडला. फुटका व्हॉल्व्ह पडदाभर कारंज्यासारखा उडू लागला. चहावाल्याने टाळी वाजवली.

खरं सांगायचं तर ही शुद्ध नशिबाची कमाल होती. तो फोटो मुळात जेपीजीच होता, फक्त दुसऱ्या नावाने हिंडत होता. पण मामांना हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि असतं तरी मामांनी ऐकलं नसतं. त्यांच्या मनात त्या क्षणी एक सिद्धान्त जन्माला आला होता. तो असा की फाइल म्हणजे बरणी. टिंबापुढची ती तीन-चार अक्षरं म्हणजे झाकण. झाकण बसत नसेल तर दुसरं झाकण लावा, फाइल बिचारी उघडते.

या सिद्धान्तावर मामांनी मोठा व्याप उभा केला. इंजिनिअरचा पाइपलाइनचा नकाशा त्यांनी गाण्याचं झाकण लावून वाजवायचा प्रयत्न केला. हेडक्लार्कच्या पत्नीने तयार केलेलं बागकामावरचं सादरीकरण उघडेना, तर त्याला झिपचं झाकण लावलं, आणि आश्चर्य म्हणजे ते उघडलं! फक्त आत सादरीकरणाऐवजी फोल्डरांमागून फोल्डर, आणि एका फोल्डरात सगळ्या गुलाबांचे सुटे फोटो. "उघडायला सांगितलंत, मी आतडीसुद्धा काढून दिली," मामा म्हणाले. हेडक्लार्कने आभार मानले, कारण काय झालं ते त्यालाही कळलं नव्हतं. जी फाइल उघडे ती मामांच्या खात्यात जमा होई, आणि जी उघडत नसे तिच्याबद्दल मामा गंभीर चेहऱ्याने म्हणत, "हिच्यात काही नव्हतंच." दगावलेल्या रोग्याचे नातेवाईक वैद्याकडे पाहतात तसं लोक मामांकडे पाहत आणि निघून जात.

मामांच्या या कीर्तीला घरात एकच जण वाटेकरी होऊ पाहत होता, तो म्हणजे मामांचा साडू. मामींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दर रविवारी हे जोडपं जेवायला येई. साडूभाऊ चष्मे विकत, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते चष्म्याच्या वरून पाहत. "मामा, नुसतं नाव बदलून काही होत नसतं. फॉरमॅट बघावा लागतो, फॉरमॅट," असं ते म्हणत. फॉरमॅट म्हणजे काय हे त्यांनाही फारसं ठाऊक नव्हतं, पण शब्द जड होता आणि ते तो मामांच्या पायावर टाकल्यासारखा टाकत.

रविवारी जेवणानंतर मामा बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर आडवे होत. तो सोफा म्हणजे मामांचं सिंहासन. वर बरोबर पंखा, डाव्या हाताला खिडकी, उशाला गोल लोड. त्या सोफ्यावर मामा पडले की थोड्याच वेळात खिडकीतली कबुतरं उडून जात. मामी येऊन हलवत.

"अहो, घोरताय."

"घोरतोय कुठे? जागा आहे मी."

"जागे आहात? मग मी आत्ता काय म्हणत होते?"

"तेच नेहमीचं," मामा डोळे न उघडता म्हणत, आणि दुर्दैवाने ते बरोबर असे.

हा खटला लग्नाइतकाच जुना होता. एका रविवारी साडूभाऊंसमोरच तो पुन्हा उभा राहिला आणि मामा उठून बसले. "पुरावा आहे का? पुरावा दाखव. ज्या दिवशी मी घोरतो हे सगळ्यांसमोर सिद्ध करशील, त्या दिवशी हा सोफा तुझा. मी जाईन मागच्या खोलीत."

मागची खोली म्हणजे इस्त्रीचं टेबल, रिकाम्या बॅगा, मोडका कूलर आणि एक घडीची खाट. तिथे कूलरसुद्धा नाइलाजाने राहत होता.

"सगळ्यांसमोर?" मामींनी विचारलं.

"सगळ्यांसमोर!"

"भाऊजी, ऐकलंत ना?" मामी म्हणाल्या. साडूभाऊंनी चष्म्याच्या वरून मान हलवली. मामा परत आडवे झाले आणि पैज विसरले. मामा पैजा लावण्यात पटाईत होते, लक्षात ठेवण्याचं खातं हेही मामींकडेच होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी मामींनी मामांच्या शर्टाच्या खिशात नखाएवढं मेमरी कार्ड टाकलं. "माझा जुना बटणांचा फोन बंद पडलाय ना, त्यातलं आहे. त्यात माझी एक फाइल आहे, आपल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. महत्त्वाची आहे. उघडून द्याल?"

"कसली फाइल?"

"आहे एक. का, कसली ते कळल्याशिवाय तुम्हाला उघडता येत नाही?"

असं कुणी म्हटल्यावर मामा काय विचारणार? ते ताठ मानेने कचेरीत गेले. इकडे मामी गॅसपाशी उभ्या राहून एकट्याच हसल्या. आरोपीच्याच खिशात पुरावा घालून त्यालाच तो कोर्टात आणायला लावणारी बाई ही काही साधीसुधी नसते.

कचेरीत मामांनी दारं लोटून घेतली, कार्ड लावलं आणि झाकणं काढली. वर्डचं झाकण लावलं. पडदाभर चौकोन, चिमणीचे पाय, उलटी प्रश्नचिन्हं असा कचरा सांडला. फोटोचं लावलं. फोटो म्हणाला मी नाही. गाण्याचं लावलं, नकाशाचं लावलं, हिशेबाच्या तक्त्याचं लावलं. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने खात्री आहे का विचारलं आणि मामांनी हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना ठाऊक असलेली झाकणं संपली. मग त्यांनी मूळचं झाकण परत लावावं म्हणून हात उचलला, आणि हात तसाच हवेत राहिला. मूळचं झाकण कोणतं होतं तेच आठवेना. बरणी बंद ती बंदच, आणि वर तिचं झाकणही हरवलेलं!

मामांना आयुष्यात पहिल्यांदा घाम फुटला. ते उठले आणि कॉम्प्युटर विभागातल्या बाईंकडे गेले. या बाई खिडकीपाशी कॉम्प्युटरच्या तीन पडद्यांमागे बसत, आणि आल्यागेल्याला सर्वप्रथम "बंद करून चालू केलंत का?" असं विचारत, मग तो पगाराची चौकशी करायला आला असला तरी. मामा आजवर त्यांच्याकडे कधी गेले नव्हते. नामांकित वैद्य दुसऱ्या वैद्याकडे नाडी दाखवायला जात नसतो.

"बाई, एक झाकण हरवलंय," मामा म्हणाले.

बाईंनी सगळी हकिगत ऐकली. झाकणांचा सिद्धान्तही ऐकला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, कारण हसू चेहऱ्यावर कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

"मामा, ते झाकण नाहीच मुळी. ती बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. मिठाच्या बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी लावली तर मिठाची साखर होते का?"

"नाही."

"चहा मात्र बिघडतो. तुम्ही सकाळपासून चिठ्ठ्याच बदलताय. आत जे आहे ते तसंच आहे. एवढंच सांगा, तो कचरा दिसला तेव्हा सेव्ह केलंत का?"

"कचरा कोण सेव्ह करतो?"

"देवच पावला. मग तुमचा माल शाबूत आहे." बाईंनी आधी फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवली. "प्रयोग करायचे ते नेहमी प्रतीवर. आता चिठ्ठी खोटी बोलत असेल तर काय करायचं? झाकण उघडून चिमूटभर जिभेवर ठेवायचं."

त्यांनी नोटपॅडमध्ये फाइल उघडली. पुन्हा तोच चौकोनांचा आणि चिमणीच्या पायांचा उकिरडा. मामांनी तोंड वाकडं केलं.

"खाली बघू नका. अगदी पहिली अक्षरं बघा. बहुतेक फाइली आपली ओळख स्वतःच्या डोक्यावर लिहून ठेवतात. पीडीएफ असेल तर सुरुवातीला पीडीएफ लिहिलेलं असतं. झिप असेल तर पी आणि के. हिच्या डोक्यावर बघा काय आहे."

मामांनी नाक पडद्याला टेकवलं. त्या उकिरड्याच्या अगदी टोकाशी, कुणीतरी हळूच आणून ठेवल्यासारखी, सरळ वाचता येणारी तीन अक्षरं होती. एएमआर.

"म्हणजे?"

"जुने फोन आवाज रेकॉर्ड करायचे ना, त्याची ही फाइल. बोललेलं, गायलेलं, काहीही. मी तिला तिची खरी चिठ्ठी लावते. आता फक्त असला आवाज वाजवणारा प्लेअर हवा, तो माझ्याकडे आहे. लावू?"

मामांच्या डोक्यात त्या वेळी काही गोष्टी एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. आवाज. मामींचा फोन. रविवार. सोफा. साडूभाऊंची चष्म्यावरून हललेली मान. बाईंचं बोट बटणाकडे निघालं होतं.

"नको!" मामा असे ओरडले की शेजारच्या टेबलावरचा हेडक्लार्क उभा राहिला. "म्हणजे... घरगुती बाब आहे. मी घरी लावीन."

बाईंनी प्लेअर एका पेनड्राइव्हवर घालून दिला आणि मामा पाय ओढत आपल्या टेबलावर आले. आयुष्यभर जे उघडेना त्याच्याशी त्यांचं वैर होतं. आणि आज उघडणारी वस्तू खिशात होती आणि ती न उघडावी असं वाटत होतं. उघडली तर सोफा जातो. नाही उघडली तर नाव जातं. मामांनी एका हाताने सोफा आणि दुसऱ्या हाताने नाव तोलून पाहिलं. सोफा जड निघाला. त्यावर लोडही होता.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी गंभीर चेहरा केला. "अगं, ती फाइल. हिच्यात काही नव्हतंच."

"असं?" मामी कपाटाची दारं बंद करत म्हणाल्या. "नाही उघडली होय तुम्हाला?"

"उघडली नाही असं नाही. ती... उघडण्यासारखी नव्हती."

"असू दे हो. जीवाला लावून घेऊ नका. वय झालं की व्हायचंच असं." मामींचा आवाज इतका मऊ झाला की मामांना टोचू लागला. "रविवारी भाऊजी येतीलच. त्यांना फॉरमॅटमधलं कळतं. ते उघडतील."

मामांनी त्या रात्री ताटात काय वाढलंय ते न पाहताच गिळलं. साडू! तो चष्मेवाला! तो सोफ्याशेजारच्या खुर्चीत बसून फाइल उघडणार, चष्म्याच्या वरून पाहणार आणि "मामांना नाही जमली म्हणून मला" असं गावभर सांगत फिरणार! मामांनी तराजू पुन्हा मांडला. या खेपेला नावाच्या पारड्यात साडूभाऊही बसले होते, आणि साडूभाऊ चांगले धष्टपुष्ट होते. सोफा हलका झाला.

रविवारी जेवणं झाली. साडूभाऊ बाह्या सावरून कॉम्प्युटरकडे सरकले. "आणा ते कार्ड. आधी फॉरमॅट बघू या."

"तुम्ही बसा," मामा म्हणाले. कार्ड आणि बाईंचा प्लेअर त्यांनी आधीच लावून ठेवले होते. "बरणीला कळू द्यायचं नसतं. काय साडूभाऊ, दुकान कसं चाललंय? गिऱ्हाईक येतं ना?" आणि साडूभाऊ उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच मामांनी बटण दाबलं.

स्पीकर खरखरला. मग मामींची कुजबुज आली. "आज रविवार. जेवणं झालीत. हा पुरावा आहे." मग पंखा. कबुतरांचं घुमणं. आणि मग हळूहळू, जमिनीखालून आल्यासारखा, तो आवाज.

सुरुवातीला कुणीतरी लाकडी कपाट फरशीवरून सरकवत होतं. कपाट भिंतीला लागलं आणि शिट्टी झाली. शिट्टीमागून पाण्याच्या टाकीत हवा शिरल्यासारखी गुडगुड आली, मग एकदम शांतता, इतकी की खोलीतले सगळे काळजीने पुढे वाकले, आणि मग त्या शांततेतून एक बैल दरवाजा ढकलून आत आला. कबुतरं उडाल्याचा फडफडाट स्पष्ट ऐकू आला.

"अहो," रेकॉर्डिंगमधल्या मामी म्हणाल्या, "घोरताय."

"घोरतोय कुठे?" रेकॉर्डिंगमधले मामा म्हणाले. "जागा आहे मी." आणि 'मी' हा शब्द पुरता संपायच्या आत बैल परत आला.

मामींची बहीण लोडात तोंड खुपसून हुंदके दिल्यासारखी हसत होती. साडूभाऊंचा चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला होता आणि ते तो शोधत नव्हते. आणि मामा? मामा खुर्चीत उभे राहायचे तेवढे बाकी होते. चेहरा उजळला होता, दोन्ही हात वर.

"उघडली! बघा, उघडली की नाही? एएमआर! डोक्यावर लिहिलेलं असतं! साडूभाऊ, तुम्हाला ठाऊक होतं, डोक्यावर लिहिलेलं असतं?"

"नव्हतं," साडूभाऊंनी डोळे पुसत कबूल केलं. हा कबुलीजबाब मामांनी छातीशी धरला. तो खाली ठेवायच्या आत मामी सोफ्यावर जाऊन लोडाला टेकून बसल्या होत्या.

"छान उघडलीत हो," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीत चादर घालून ठेवली आहे."

पुढचा रविवार. मामा घडीच्या खाटेवर पडले होते. खाट मधोमध खोल होती आणि मामा तिच्यात पत्र्याच्या पन्हाळीत अडकलेल्या पानासारखे दिसत होते. एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला कूलर त्यांच्याकडे जुन्या रहिवाशाच्या नजरेने पाहत होता. पंखा नाही, खिडकी नाही. पण उघडली होती ना फाइल! मामांनी डोळे मिटले. आता जरा डुलकी लागणार, एवढ्यात बाहेरच्या खोलीतून कपाट सरकवल्याचा आवाज आला. मग शिट्टी. मग गुडगुड.

मामांनी या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा प्रयत्न केला, पण खाटेला कूसच नव्हती. कानावर चादर ओढली. बैल चादरीतून आत आला. शेवटी ते तणतणत उठले आणि बाहेर आले.

सोफ्यावर मामी आडव्या होत्या, डोळे मिटलेले, चेहरा समाधानाने भरलेला. उशाशी त्यांचा नवा फोन, आणि फोनमध्ये ती फाइल. इतक्या वर्षांत या आवाजाशिवाय दुपारची झोप कशी लागते ते मामींना ठाऊकच नव्हतं. पण हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

"काय चाललंय हे?" मामा कडाडले. "या आवाजात माणसाला झोप कशी लागायची? कोण घोरतंय एवढं?"

"तुम्ही," मामी डोळे न उघडता म्हणाल्या.

"मी? मी तर जागा आहे!"

"नेहमी तेच म्हणता."

मामांनी फोन उचलला. इथे दाबलं, तिथे दाबलं. आवाज वाढला, पडदा उलटा झाला, कुठला तरी नकाशा आला, शिंपीणबाईंना फोन लागता लागता राहिला. पण फाइल बंद होईना. उघडमामांनी जन्मात काही बंद केलेलं असतं तर ना! थोडा वेळ खटपट करून ते थकले आणि सोफ्याच्या कडेला, मामींच्या कमरेशी, जरा टेकले. वर पंखा होता. डावीकडे खिडकी होती. फोन हातातच राहिला आणि मान मागे गेली.

कबुतरं परत येऊन बसली होती, ती पुन्हा उडाली. आता खोलीत दोन बैल होते, एक फोनमधला आणि एक सोफ्यावरचा, आणि दोघेही एकाच दरवाज्यातून आत शिरायला बघत होते. मामींनी डोळे न उघडता हात लांबवला, आणि दोघांपैकी जो बंद करता येण्यासारखा होता तो बंद केला.